फिटच्या गोळ्यांचा ओव्हरडोस: पेशंट उठून बसला, आता सोडायचा का?

ऐरोलीतल्या एका छोट्या नर्सिंग होमच्या आरएमओने (तिथे ड्यूटीवर राहणाऱ्या डॉक्टरने) विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चोविशीतली मुलगी, शाळेत असल्यापासून फिट्सचा त्रास, कार्बामाझेपिनची सीआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चालू. घरात वाद झाला आणि जेवणाच्या सुमारास तिने डब्यातल्या उरलेल्या गोळ्या एकदम घेतल्या. दोन तासांनी आणली तेव्हा गुंगीत होती, जीभ जड, डोळे नाचत होते. स्टमक वॉश दिला, सलाइन लावलं. पहाटे ती उठून बसली, चहा मागितला. घरचे म्हणतात, आता सोडा. सोडू का? डायलिसिस लागतं का, आणि लागलं तर कधी? गोळ्या व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधाच्या असत्या तर वेगळं काय केलं असतं?

सोडू नका. आज नाहीच, आणि बहुधा उद्याही नाही. घरच्यांना चहा पाजा, बसवा आणि सांगा की या औषधाचा खरा जोर अजून यायचा असू शकतो.

कार्बामाझेपिन पाण्यात फारसं विरघळत नाही. त्यात ते आतड्यांची हालचाल मंदावतं, म्हणजे स्वतःचाच रस्ता अडवून बसतं. गोळ्या पोटात एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो आणि तो तासन्‌तास झिरपत राहतो. सीआर गोळी असेल तर विचारूच नका. रक्तातली लेव्हल शिखरावर जायला अख्खा दिवस लागू शकतो, क्वचित दोन-तीन दिवसही. मधल्या काळात पेशंट शुद्धीवर येतो, बोलतो आणि मग परत बुडतो. अशीच एक मुलगी मला आठवते. सकाळी राउंडला ती इडली खात होती, मोबाइल मागत होती. दुपारी सिस्टरने सांगितलं की झोपली आहे. संध्याकाळी हाक मारली तर नुसत्या पापण्या हलल्या, आणि दिवेलागणीला तिला श्वासनलिकेत ट्यूब टाकावी लागली. सकाळची लेव्हल १९ होती, संध्याकाळची ३८. मधे तिने काहीही नवीन घेतलेलं नव्हतं.

तेव्हा एका लेव्हलवर विश्वास ठेवू नका. नेहमीच्या उपचारात कार्बामाझेपिनची लेव्हल ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. ४० च्या वर कोमा, झटके, श्वास मंदावणं, हृदयाची गडबड हे सगळं अपेक्षित धरायचं. पण आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते महत्त्वाचं. दर ४ ते ६ तासांनी लेव्हल पाठवा. लागोपाठ दोन रिपोर्ट उतरते आले, पेशंट पूर्ण शुद्धीत आहे, चालताना झोक जात नाही, आतड्यांचा आवाज नीट येतोय, ईसीजी नॉर्मल आहे, एवढं जमलं की आयसीयूतून वॉर्डात हलवायचा विचार करा. एक खोच लक्षात ठेवा. या औषधाचं शरीरात इपॉक्साइड तयार होतं, तेही तितकंच काम करतं आणि लॅबच्या रिपोर्टात ते दिसत नाही. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हे इपॉक्साइड साचतं. अशा पेशंटची लेव्हल बेताची आणि अवस्था वाईट दिसली तर लॅबला दोष देत बसू नका.

आता वॉशबद्दल. आपल्याकडे पॉयझनिंग म्हटलं की वॉश हा रिवाजच झालाय. नातेवाइकांना बादलीतलं गढूळ पाणी दिसलं की जीव भांड्यात पडतो, आणि डॉक्टरलाही आपण काहीतरी केलं असं वाटतं. पण गोळ्या घेऊन तास उलटल्यावर वॉशमधून फारसं काही निघत नाही, आणि गुंगीतल्या पेशंटला ट्यूबशिवाय वॉश दिला तर पोटातलं फुप्फुसात जाण्याची पुरेपूर सोय होते. या केसेसमध्ये मी पाहिलेले कितीतरी लांबलेले मुक्काम औषधामुळे नव्हते, ॲस्पिरेशन न्यूमोनियामुळे होते. तुमच्या पेशंटला वॉश देऊन झालाय, तर छातीचा एक्स-रे काढा आणि ताप, ऑक्सिजन यांवर नजर ठेवा. एवढं पुरे.

कार्बामाझेपिनला खरा उपयोग होतो तो चारकोलचा (औषध धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या पुडीचा), आणि तोही परत परत दिलेल्या. हे औषध पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि पुन्हा शोषलं जातं. आतड्यात चारकोल असेल तर तिथेच पकडलं जातं. म्हणूनच तास उलटून गेल्यावरही इथे चारकोलला अर्थ आहे. मोठ्या माणसाला पहिला डोस ५० ग्रॅम, मग दर ४ तासांनी २५ ग्रॅम. दर डोसाआधी पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचाच. आतडी गप्प असतील किंवा पोट फुगत असेल तर थांबायचं, नाहीतर आत काळी वीट तयार होते. पेशंट गुंगीत असेल तर आधी श्वासनलिका सुरक्षित करायची, मगच चारकोल. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून घातलेली नळी, पोटातच आहे हे एक्स-रेत पाहिल्याशिवाय एक थेंबही सोडू नका. चारकोल भांड्यात चमच्याने कालवला की गुठळ्या राहतात आणि ट्यूब हमखास तुंबते. रुंद तोंडाच्या बाटलीत पावडर आणि पाणी घालून, झाकण लावून मिनिटभर खळखळून हलवा, आणि ट्यूब १६ नंबरची घ्या. सिस्टर चादरीवरून कुरकुर करतील, करू द्या.

ईसीजी दर काही तासांनी काढा आणि क्यूआरएस (ठोक्याच्या उंच लाटेची रुंदी) मोजा, नुसता बघू नका. कार्बामाझेपिन हृदयातल्या सोडियम चॅनेलवर बसतं. क्यूआरएस १०० मिलिसेकंदांच्या पुढे सरकायला लागला, आणि सोबत बीपी पडतंय किंवा रिदम बिघडतोय असं दिसलं, तर सोडियम बायकार्बोनेट १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो बोलस द्यायचं आणि ईसीजी परत काढायचा. पोटॅशियम खाली जातं, ते भरत राहायचं. लॅमोट्रिजिनच्या ओव्हरडोसलाही हाच नियम.

याच पेशंटला फिट आली तर काय? रात्री दोनला आरएमओचा हात आपोआप फेनिटॉइनच्या अँप्युलकडे जातो. फिट म्हणजे एप्टॉइन (फेनिटॉइनचंच ब्रँडनाव), हे इंटर्नशिपपासून अंगात भिनलेलं असतं. इथे तो हात आवरा. औषधाच्या विषबाधेने आलेल्या झटक्यांना फेनिटॉइन बहुतेक वेळा लागू पडत नाही, आणि आधीच अडलेल्या सोडियम चॅनेलवर आणखी एक अडवणारं औषध चढवलं जातं. लोराझेपाम ४ मिलिग्रॅम शिरेतून, गरज पडली तर पुन्हा, नाहीतर मिडाझोलाम. तरीही थांबली नाही तर ट्यूब टाकून प्रोपोफॉल किंवा फिनोबार्बिटोन. आणि फ्लुमाझेनिलला, म्हणजे क्लोबाझामसारख्या झोपेच्या गटातल्या औषधांच्या उताऱ्याला, तर हातही लावू नका. फिट्सच्या पेशंटने क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम जास्त घेतलं म्हणून कोणी उतारा द्यायला गेला, तर त्या उताऱ्यानेच अशी फिट सुरू होते की आवरता आवरत नाही. त्या पेशंटला श्वासाचा आधार देऊन झोपू द्या. झोप उतरते.

डायलिसिसचं म्हणाल तर कार्बामाझेपिनचा साधारण तीन चतुर्थांश भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणून ते डायलिसिसने निघत नाही असं जुन्या पुस्तकांत असायचं. आताच्या हाय-फ्लक्स डायलायझरने ते चांगलं निघतं. एक्स्ट्रिप या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये याचे निकष दिले. झटके आवरत नसतील किंवा जीवघेणी रिदम असेल तर डायलिसिस कराच. कोमा किंवा व्हेंटिलेटर लांबेल असं दिसत असेल, किंवा चारकोल देऊनही लेव्हल चढती वा उंचच राहत असेल, तर करावं. साधं इंटरमिटंट हिमोडायलिसिस सगळ्यात बरं. ते नसेल तर हिमोपर्फ्युजन (रक्त चारकोलसारख्या गाळणीतून नेणं) किंवा सीआरआरटी (सलग मंद चालणारं डायलिसिस), पण सीआरआरटी सावकाश काढतं. लेव्हल १० च्या खाली आली किंवा पेशंट स्पष्ट सुधारला की थांबायचं. कॅथेटर मात्र लगेच काढू नका. आतड्यातला गोळा अजून झिरपत असतो आणि लेव्हल परत उसळते.

माझं मत विचाराल तर डायलिसिस कधी करायचं हा प्रश्न आपल्या भागात निकषांपेक्षा घड्याळाचा असतो. छोट्या युनिटची मशीन सकाळच्या शिफ्टला ठरलेल्या पेशंटसाठी लागलेली असतात, टेक्निशियन रात्री घरी गेलेला असतो, नेफ्रॉलॉजिस्ट तीन हॉस्पिटलं सांभाळत असतो. लेव्हल ४० झाल्यावर फोन केला तर सुई लागेपर्यंत सहा तास जातात. म्हणून लेव्हल चढती दिसली आणि गुंगी वाढली की नेफ्रॉलॉजिस्टला तेव्हाच सांगून ठेवा. नको लागलं तर उत्तमच.

आता व्हॅल्प्रोएट. हे औषध वेगळ्याच वाटेने जातं. इथे लक्ष ठेवायचं ते अमोनियावर. व्हॅल्प्रोएट शरीरातलं कार्निटिन (पेशींना चरबी वापरायला लागणारा घटक) संपवतं आणि युरिया तयार करणारी यंत्रणा अडवतं. लिव्हर ठीक असतं, एसजीपीटी नॉर्मल येतं, आणि पेशंट तरीही सुस्त होत जातो, कारण अमोनिया वाढलेला असतो. प्रत्येक व्हॅल्प्रोएट ओव्हरडोसला, आणि रोजच्या डोसवर असूनही विनाकारण झोपाळलेल्या पेशंटलाही, अमोनिया तपासलाच पाहिजे. सॅम्पल मात्र नीट घ्यायचं: टूर्निके जास्त वेळ बांधून ठेवायचं नाही, ईडीटीएची ट्यूब, लगेच बर्फात, आणि पंधरा-वीस मिनिटांत मशीनवर. छोट्या हॉस्पिटलात बर्फ नसतो. आमच्याकडचे वॉर्डबॉय मामा समोरच्या रसवंतीवरून पिशवीभर बर्फ आणायचे, आणि कामही भागायचं. पण ते सॅम्पल लॅबच्या पोराच्या बॅगेतून ठाणे-बेलापूर रोडने तासभर फिरून गेलं तर आकडा खोटाच वाढलेला येतो. तुमच्याकडे अमोनिया होत नसेल तर सॅम्पल पाठवण्यापेक्षा जिथे तो होतो तिथे पेशंटच पाठवा.

अमोनिया वाढलेला असेल आणि पेशंट गुंगीत असेल तर एल-कार्निटिन शिरेतून: १०० मिलिग्रॅम प्रति किलो अर्ध्या तासात, जास्तीत जास्त ६ ग्रॅम, मग दर ४ तासांनी १५ मिलिग्रॅम प्रति किलो. हे औषध रात्री केमिस्टकडे मिळेलच असं नाही, म्हणून कुठे मिळतं ते आधी माहीत करून ठेवा. सोडियम, कॅल्शियम, प्लेटलेट, एबीजी (रक्तातले वायू आणि आम्लता) बघत राहा. मेंदूला सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येऊ शकते. अमोनिया उतरला तरी शुद्ध येत नसेल तर सीटी काढा.

व्हॅल्प्रोएटची एक गंमत म्हणजे ओव्हरडोस जितका मोठा तितकं डायलिसिस जास्त उपयोगी. नेहमीच्या लेव्हलला, म्हणजे ५० ते १०० ला, जवळजवळ ९० टक्के औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून असतं. कर्जत फास्टमध्ये ठाण्याला सगळ्या सीट भरल्या की पुढचे सगळे उभेच राहतात, तसं अल्ब्युमिनवरची जागा संपली की उरलेलं औषध मोकळं फिरतं. मोकळं असल्याने मेंदूतही जातं आणि डायलायझरमधूनही निघतं. २०१५ च्या एक्स्ट्रिप शिफारशींप्रमाणे लेव्हल १३०० च्या वर, मेंदूला सूज किंवा शॉक असेल तर डायलिसिस कराच. लेव्हल ९०० च्या वर, कोमा वा व्हेंटिलेटर, वाढलेला अमोनिया, किंवा पीएच ७.१० पर्यंत घसरलेला असेल तर करावं. मेरोपेनेम या अँटिबायोटिकमुळे व्हॅल्प्रोएटची लेव्हल झपाट्याने पडते. काहींनी ओव्हरडोसमध्ये याचा फायदा करून घेतलाय. मी ते पहिल्या फळीत धरत नाही, पण ही जोडी माहीत हवी. एरवी नीट चाललेल्या पेशंटला न्यूमोनियासाठी मेरोपेनेम लावलं आणि फिट्स सुरू झाल्या, हा प्रकार आयसीयूत नवा नाही.

फेनिटॉइनचा ओव्हरडोस तोंडावाटे असेल तर दिसतो भयंकर, मारतो क्वचित. २० च्या वर डोळे नाचतात, ३० च्या वर चाल जाते, ४० च्या वर सुस्ती येते. एका मर्यादेनंतर लिव्हर दिवसाला ठरावीकच औषध मोडू शकतं, म्हणून लेव्हल दिवसेंदिवस उतरत नाही. धीर धरायचा आणि पेशंटला पडू द्यायचं नाही. बाथरूमला एकटं सोडलं आणि डोकं आपटलं, तर फेनिटॉइनने जे केलं नसतं ते फरशी करते. हृदयाचा धोका शिरेतून घाईने दिलेल्या फेनिटॉइनचा असतो. मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. डायलिसिस इथे फारच थोड्यांना लागतं.

फेनिटॉइनचे माझ्याकडे आलेले बरेच पेशंट जीव द्यायला निघालेले नव्हतेच. ३०० वर बरं चाललेलं, ४०० केलं, आणि लेव्हल दुप्पट झाली. किंवा टीबीची औषधं सुरू झाली. आयसोनायझिड फेनिटॉइनचा आणि कार्बामाझेपिनचाही निचरा अडवतं. सर्दी-खोकल्याला दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिन चढवतं, फ्लुकोनाझोल फेनिटॉइन. फिट्सच्या पेशंटला अचानक उलट्या आणि झोकांड्या सुरू झाल्या तर आधी मागच्या पंधरवड्यातल्या चिठ्ठ्या मागा. लहान मुलांत सिरपचा घोळ असतो. एकाच औषधाचं सिरप वेगवेगळ्या ताकदीत मिळतं, केमिस्ट दुसरं देतो आणि आई एमएल तेवढेच भरते. बाटली न हलवता दिली तर औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस दाट जातात.

फिनोबार्बिटोन, म्हणजे आपलं गार्डिनल, आता कमी दिसतं, पण शहापूर-मुरबाडकडचे जुने पेशंट अजून त्यावर असतात. मोठ्या माणसात त्याचं निम्मं औषध निघायला तीन-चार दिवस लागतात. अंग गार, श्वास मंद, डोळ्यांच्या बाहुल्याही उजेडाला ढिम्म, इतका गाढ कोमा की पेशंट ब्रेन-डेड वाटावा. लेव्हल उतरल्याशिवाय ते शब्द कोणी उच्चारू नयेत. व्हेंटिलेटर, ऊब, परत परत चारकोल, आणि लांबलं तर डायलिसिस, एवढ्यावर ही माणसं उठून घरी जातात. लेव्हेटिरासेटाम सगळ्यात सोसणारं. झोप येते, क्वचित श्वास मंदावतो, किडनीवाटे निघून जातं.

कोणतीही गोळी घेतली असो, शुगर, ईसीजी, पॅरासिटामॉलची लेव्हल आणि बाईमाणूस असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट हे ठरलेलं. पॅरासिटामॉल प्रत्येक घरात असतं आणि पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाही. रिकाम्या स्ट्रिप नातेवाइकांकडून मागवा. नुसतं नाव सांगतात ते बरेचदा चुकीचं निघतं.

तुमच्याकडे चोवीस तास लेव्हल, व्हेंटिलेटर आणि डायलिसिस नसेल तर पेशंट बरा असतानाच हलवा. वाशी, नेरूळ, कळवा, ठाणे, कुठेही हलवा, पण आधी बेड आणि डायलिसिस फोनवर पक्कं करून. गुंगी वाढत असेल तर ट्यूब तुमच्या टेबलावर टाका. कळवा नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये, हलत्या १०८ मध्ये टाकायची वेळ येऊ देऊ नका. शंका आली तर दिल्लीच्या एम्सचं नॅशनल पॉयझन्स इन्फर्मेशन सेंटर चोवीस तास फोन घेतं: १८०० ११६ ११७.

घरच्यांच्या घाईमागे बहुतेकदा पोलिसांची भीती असते, मुलीच्या लग्नाची असते. एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) करावीच लागते, ती टाळू नका. पण त्यांना बाजूला घेऊन सांगा की मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंडसंहितेच्या जुन्या कलम ३०९ सारखं शिक्षेचं कलमही उरलेलं नाही. हे ऐकल्यावर डामाचा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जचा) फॉर्म मागणारे निम्मे लोक शांत होतात.

शेवटचा भाग बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर नसतो. लेव्हल उतरत उतरत शून्याकडे गेली की हिची मूळची फिट परत येणार. डायलिसिस झालं असेल तर आणखी लवकर. लेव्हल नेहमीच्या पट्ट्यात आली की न्यूरॉलॉजिस्टशी बोलून औषध सुरू करा, तेच किंवा दुसरं. डिस्चार्जआधी मानसोपचारतज्ज्ञांनी तिला एकटीला भेटणं आवश्यक आहे, आईवडील खोलीबाहेर. फिट्सच्या पेशंटमध्ये नैराश्य बरंच असतं. लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड वाढते. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फिट्सच्या औषधांवर आत्महत्येच्या विचारांबाबत इशारा दिला तेव्हा १९९ चाचण्यांत हे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ०.४३ टक्के आणि न घेणाऱ्यांत ०.२२ टक्के होतं. एवढ्यावरून कोणी गोळ्या बंद करू नयेत, पण प्रत्येक भेटीत मनाची चौकशी व्हावी. गोळ्या आठवड्याच्या आठवड्याला द्या, स्ट्रिप घरातल्या एका माणसाकडे कुलपात, त्याचं नाव कार्डावर लिहा. त्याखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहा, तिथे मराठीत बोलता येतं, आणि पुढच्या भेटीची तारीख सात दिवसांच्या आतली टाका.